वारा किती ते लिहिलं, कशात ते राहिलं

माझं लिहिलेलं वाचणारा माणूस सहसा वैतागलेला असतो. जेवणानंतर लोडाला टेकून, सुपारी कातरत माझा मजकूर कुणी चवीने वाचला, असं तेवीस वर्षांत कानावर आलेलं नाही. काम अडलं, साहेब डोक्यावर येऊन उभा राहिला, दोन तास खटपट करूनही पडद्यावर तीच लाल ओळ पुन्हा उमटली, की मग माणूस नाइलाजाने माझ्याकडे वळतो. तोही वरून खाली वाचत नाही. हवी ती ओळ शोधतो, उचलतो आणि निघून जातो. लिहिणाऱ्याचं नाव पानावर नसतंच, त्यामुळे शिव्या द्यायच्या तर तो कंपनीला देतो.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी माहितीची पानं लिहिणं हा माझा धंदा. मारेगावात हे समजावून सांगताना माझी पंचाईत होते. सासूबाई होत्या तोवर त्या शेजारणीला सांगायच्या, "सून काँप्युटरचं लिवते."

"म्हंजे टायपिंग?"

"नाई वो, टायपिंगच्या वरचं."

याहून नेमकं मलाही सांगता आलेलं नाही, तरी प्रयत्न करते. एका कंपनीकडे काही माहिती साठवलेली असते. दुसरीकडचा प्रोग्रामर ती आपल्या प्रोग्राममध्ये मागवतो. बसस्थानकावर चौकशीची खिडकी असते ना, तसंच. फक्त खिडकीच्या आत माणूस नसतो, यंत्र असतं. ठरलेल्या शब्दांत विचारलं तर ते उत्तर देतं, एक स्वल्पविराम चुकला तर तोंड फिरवतं. काय विचारायचं, कसं विचारायचं, उत्तरात काय मिळेल आणि नकार मिळाला तर त्याचा अर्थ काय, हे त्या खिडकीबाहेर लिहून ठेवणं माझं काम. लिहायचं इंग्रजीत, पण असं की कोइमतूरच्या आणि उमरखेडच्या माणसाला सारखंच कळावं.

मी मूळची मुकुटबनची. भौतिकशास्त्र शिकून पुण्याला गेले, तिथे एका कंपनीत या कामाला लागले. सगळी ऑफिसं बंद पडली त्या साली लॅपटॉप घेऊन मारेगावला आले, आणि पानं इथूनही तितकीच बरी लिहिली जातात हे कंपनीच्या लक्षात आल्यावर इथेच राहिले. आमच्या ह्यांची शाळा इथेच आहे, त्यामुळे बारा वर्षांनी एका घरात दोघं राहू लागलो. बाकीची नोकरी कशी सरकत गेली ते सांगण्यात अर्थ नाही. दोन माणसांमुळे मला माझं काम नीट कळलं, त्यांच्याबद्दल लिहिते.

पहिल्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. दक्षिणेतल्या कुठल्याशा गावात बसून तो आमच्या कंपनीची माहिती वापरायचा. त्याचं पत्र आलं. मराठीत सांगायचं तर असं: "बाई किंवा बुवा, तुमच्या पानावर 'जस्ट' हा शब्द सहा वेळा आहे. जस्ट हे करा, जस्ट ते करा. ते करायला मला तीन दिवस लागले. तीन दिवस तुमचा प्रत्येक 'जस्ट' मला मूर्ख म्हणत होता."

मी रागावले. मग पान उघडून मोजले. सात होते, एक त्याच्या नजरेतून सुटला होता. आपल्याला जे येतं ते सांगताना माणूस सहज "त्यात काय एवढं" म्हणून जातो, आणि ऐकणारा तिथेच मान खाली घालतो. मी सगळ्या पानांमधून 'जस्ट' काढला, 'सोपं आहे' काढलं, 'अर्थातच' काढलं. त्याला कळवलं. त्याने उत्तरात फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलं. आमच्या धंद्यात तेवढंही खूप.

मात्र त्या पत्राने मला एक व्यसन लागलं. पान हलकं करायचं, मोकळं करायचं, वाचणाऱ्याला दडपण येऊ द्यायचं नाही. त्या व्यसनातूनच पुढची चूक झाली, आणि ती माझी होती.

आमची कंपनी शेताशिवारात हवामानाचे छोटे खांब उभे करायची. पाऊस, तापमान, ओलावा, वारा यांचे आकडे त्या खांबांवरून दर पंधरा मिनिटांनी गोळा व्हायचे, आणि कुणीही प्रोग्रामर ते मागवून आपल्या कामासाठी वापरू शकायचा. त्याचं पान माझ्याकडे होतं. पानावर जुना तक्ता होता: माहितीचं नाव, अर्थ, प्रकार, माप आणि उदाहरण, असे पाच रकाने. मोबाइलवर उघडला की तक्ता उसवायचा, अर्धा पडद्याबाहेर जायचा. मी दोन रकाने काढून टाकले. मापाचा रकाना गेला, पण माप अर्थाच्या वाक्यातच लिहायचं ठरवलं. पावसाच्या ओळीत मिलिमीटर लिहिलं. तापमानाच्या ओळीत सेल्सिअस लिहिलं. वाऱ्याच्या ओळीत "त्या वेळचा वाऱ्याचा वेग" एवढंच लिहिलं आणि पुढे गेले.

त्या ओळीपाशी काय झालं, कुकरची शिट्टी झाली की दारावर कुणी आलं, मला आठवत नाही. आठवलं असतं तर बरं वाटलं असतं. पान चौघांनी तपासलं. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात येतो हे चौघांनाही पाठ होतं, म्हणून ते लिहिलेलं नाही हे एकालाही दिसलं नाही. उलट ऑफिसात त्या पानाचं कौतुक झालं. नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवलं गेलं.

आमच्या प्रत्येक पानाखाली एक चौकट असते: हे पान उपयोगी पडलं का? हो, नाही, आणि काही सांगायचं असेल तर जागा. पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी ती चौकट उघडली. इंग्रजी ओळींच्या गर्दीत एक मजकूर देवनागरीत होता.

"तुमच्या पानावर वारा किती ते लिहिलं, कशात ते नाही लिहिलं. माझे सासरे दवाखान्यात आहेत. कविता राठोड, ढाणकी." खाली फोन नंबर.

ढाणकी आमच्याच जिल्ह्यातलं, उमरखेड तालुक्यातलं बाजाराचं गाव. मी ते नाव तीनदा वाचलं. मग माझं पान उघडलं आणि वाऱ्याच्या ओळीपाशी गेले. माप तिथे नव्हतं. पान दुरुस्त करायला चार मिनिटं लागली. तीन शब्द होते. त्यानंतर फोन उचलायला मात्र मला अर्धा तास लागला.

"हॅलो, कोन बोलते?"

"मी वंदना. ते हवामानाचं पान... ते मी लिहिलंय."

पलीकडून दवाखान्यातला कालवा तेवढा ऐकू येत होता.

"इंग्रजीतलं पान? तुमी मराठी हा?"

"मारेगावची आहे."

"मारेगाव? आपलं, वणीकडलं? मले वाटे ते अमेरिकेत कोनी लिवत असन."

"सासरे कसे आहेत?"

"काल उलट्या थांबल्या. आता बोलून राह्यले. यवतमाळले हाओत आमी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, म्या आकडा किलोमीटर समजली. तो किलोमीटर नोयता ना?"

"नव्हता," मी म्हटलं. "मीटर होता. सेकंदाला मीटर. मी लिहायला विसरले."

"म्हंजे किती होते?"

"साडेतीन पट. थोडं जास्तच."

ती हळूच "अरे देवा" म्हणाली. मी लगेच यवतमाळला यायला निघते म्हटलं, तर म्हणाली, "आता नका येऊ. घरचे लोक तापलेले हायेत. सुटी होऊ द्या, मंग या."

काय झालं होतं ते तिने नंतर फोनवर सांगितलं. कविता ढाणकीत ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते. उमरखेडला बी.एस्सी. केलेलं, लग्नानंतर दोन पोट्टे सांभाळून प्रोग्रामिंग शिकली, तेही अशीच पानं वाचून. तिच्या सासरचा बंजारा तांडा ढाणकीपासून चार-पाच किलोमीटरवर. तिथले लोक वाऱ्यात फवारणी करतात, औषध अंगावर येतं, डोळे चुरचुरतात, चक्कर येते, हे ती माहेरीही लहानपणापासून बघत आलेली. कृषी सहायकाने वाटलेल्या कागदावर लिहिलं होतं की वारा ताशी दहा किलोमीटरच्या वर असेल तर फवारू नये. पण वारा किती हे शेतात उभ्या माणसाला कसं कळणार? म्हणून तिने मोबाइलवर एक साधी गोष्ट बनवली. जवळच्या खांबावरून वाऱ्याचा आकडा घ्यायचा. दहाच्या आत असेल तर हिरवा गोल, वर असेल तर लाल. वाचता न येणाऱ्यांसाठी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, तिने स्वतःच्या आवाजात बोलूनही ठेवलं होतं. तांड्यातल्या आणि आजूबाजूच्या दीडशेक मोबाइलांवर ते गेलं होतं.

त्या दिवशी आकडा चार पूर्णांक आठ होता. म्हणजे ताशी सतरा किलोमीटर. मोबाइलवर हिरवा गोल. तिचे सासरे धनसिंग राठोड पाठीवर पंप लावून कपाशीत, आमच्याकडच्या बोलीत पराटीत, शिरले.

कविताशी बोलणं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं निखिलला सांगितलं. निखिल माझा वरिष्ठ, वयाने मुलासारखा, मनाने चांगला. त्याचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "पान दुरुस्त केलंत ना, वंदनाताई? मग आता एवढ्यावर थांबू या."

"बाकीच्यांचं काय? आधी वाचून गेलेले लोक ते पान परत कशाला उघडतील? हा आकडा वापरणाऱ्या प्रत्येकाला पत्र पाठवायला हवं."

"पत्रात काय लिहिणार?"

"माप लिहायचं राहिलं होतं, चूक आमची."

तो खुर्चीत मागे झाला. "चूक आमची असं लेखी द्यायचं म्हणजे वकिलांना विचारावं लागेल. आणि ताई, खरं सांगा, माप लिहिलेलं नसेल तर विचारायचं कुणी? वापरणाऱ्याने ना?"

त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं. त्या दिवशी मी विषय तिथेच सोडला.

आठ दिवसांनी कविताचा फोन आला, सासरे घरी आलेत. मी निघाले. मारेगावहून यवतमाळ, तिथून उमरखेड, तिथून ढाणकी, अशा तीन एसट्या. हे सोबत येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. कविता स्कूटी घेऊन थांब्यावर उभी होती. पस्तिशीची, सावळी, डोळ्यांखाली काळं. नमस्कार केला आणि म्हणाली, "बसा जी मांगं. याडी बोलनार नाई तुमच्यासंगं, मनाले लावून नका घेऊ." याडी म्हणजे आई, सासूलाही ती तसंच म्हणायची.

याडी खरंच बोलल्या नाहीत. चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि चुलीकडे जाऊन पाठमोऱ्या बसल्या. धनसिंगभाऊ बाजेवर होते. साठीचा उंच माणूस, गालफडं बसलेली. मी काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं होतं. समोर बसल्यावर सगळं गेलं.

"भाऊ, ते पान मी लिहिलं होतं. त्यात कमी राहिली. माझ्यामुळे झालं हे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, तुमी कायले? वारा मले दिसत होता ना."

कविताने मान वर केली. हे तिलाही नवं होतं.

"दिसत होता?" तिने विचारलं.

"मंग? पराटी सारी एकीकडे लवत होती. तोंडाले दस्ती बांधली होती तेही उडून राह्यली होती. चाळीस वर्सं झाले फवारून राह्यलो, मले वारा समजत नाई काय?"

"मंग काहून गेले तुमी?"

"मोबाईल हिरवा होता. सारा तांडा पाहून राह्यला होता, धनसिंगची सून काय करते ते. म्हनलं, घरचाच मानूस नाई गेला तर बाकीचे कायले जातीन? पोरीनं मेहनत केली, खोटं कसं असन."

कविता उठून बाहेर गेली. चुलीपाशी याडींची पाठ हलत होती. मी चहाचा कप हातात धरून बसले.

नंतर आम्ही दोघी तिच्या दुकानात गेलो. शटर अर्धं खाली होतं. ती सगळं बंद करून बसली होती. दीडशे मोबाइलांवरचा गोल आता राखाडी होता. हवामानाचं माझं पान तिने छापून भिंतीला लावलेलं होतं, ओळीओळीखाली पेन्सिलीच्या रेघा. पावसापाशी मराठीत "मि.मी." तापमानापाशी "से." वाऱ्यापाशी तिने छोटं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं, आणि ते नंतर खोडलं होतं.

"हे काहून खोडलं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी माझ्याही तोंडात आपसूक वऱ्हाडी आली.

ती त्या कागदाकडेच बघत म्हणाली, "ताई, दुसऱ्या कंपनीचे पानं म्या वाचले, डोकं दुखे. दहा जागी विचारा लागे. तुमचं पान इतकं साफ होतं, इतकं चांगलं समजावलं होतं, मले वाटलं, इथं काई राह्यलं असन तर ते माह्यातच राह्यलं असन. मोठ्या लोकायले कायले विचारू?"

एवढी वर्षं मी कौतुकाला भुकेली होते. ते कौतुक असं समोर आलं.

मी तिला विचारलं, काय केलं असतं तर तू चुकली नसतीस? तिने विचार केला. "पानावर तुमी लिवालच आता. पन घाईत कोन वाचते? नावातच घाला ना माप. आकड्याचं नाव नुसतं 'वाऱ्याचा वेग' कायले? 'वाऱ्याचा वेग मीटर सेकंद' असं नाव ठेवा. मंग मानूस पान वाचो का न वाचो, नाव लिवतानाच हाताले समजन."

शिकलेल्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं ज्याच्यावर वाद घातले ते तिने स्टुलावर बसून एका दमात सांगितलं.

परत आल्यावर मी पत्र लिहून काढलं, नऊ ओळींचं, आणि पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचलं. त्याआधी कविताचा देवनागरी मजकूर वाचला आणि त्याचा इंग्रजी अर्थ सांगितला. निखिल म्हणाला, वकिलांचं उत्तर अजून यायचंय. मी म्हटलं, पत्र गेलं नाही तर यापुढे मी पानं लिहू शकणार नाही. धमकी द्यायची म्हणून म्हटलं नव्हतं. खरोखरच, पान उघडलं की बोटं चालत नव्हती.

तेवढ्यात शेट्टी बोलला. शेट्टी म्हणजे ते खांबांचं यंत्र ज्याने बांधलं तो मुख्य प्रोग्रामर. मीटिंगमध्ये कधी न बोलणारा माणूस. म्हणाला, "मला एक दाखवायचंय." त्याने पडद्यावर आमचाच नकाशा उघडला, जो आम्ही नव्या ग्राहकांना दाखवायला तयार केला होता. खांबांवर क्लिक केलं की वारा दिसायचा. आकड्यापुढे लिहिलेलं होतं: किलोमीटर प्रति तास.

"हा आपल्या टीममधल्या मुलीने बनवलाय," शेट्टी म्हणाला. "तिने तेच पान वाचलं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिनेही मला विचारलं नाही. मीही चार महिने हा नकाशा पाहतोय, माझ्याही लक्षात आलं नाही."

मग निखिल म्हणाला, "तुमच्या नऊ ओळी पाठवा मला. मी बोलतो त्यांच्याशी." वकिलांशी तो काय बोलला ते त्याने कधी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पत्र गेलं. 'चूक आमची' हे शब्द त्यात होते.

उत्तरं आली. दोघांनी कळवलं की त्यांचंही तसंच चुकलं होतं. त्यातला एक दुसऱ्या राज्यात फवारणीचाच सल्ला देत होता. एकाने इंग्रजीत शिव्या दिल्या, त्या मी जपून ठेवल्या आहेत. नाव बदलायला कंपनी तयार होईना, कारण जुनं नाव काढलं तर ते वापरणारे सगळे प्रोग्राम बंद पडले असते. शेवटी शेट्टीने जुन्याशेजारी मापासकट नवं नाव ठेवलं आणि जुनं हळूहळू बाद केलं. कविताची सूचना आहे हे त्याने कामाच्या नोंदीत तिच्या नावानिशी लिहिलं. मी सांगितलं नव्हतं.

कविताने तिचं काम पुन्हा सुरू करायला दिवाळी उलटू दिली. आधी ती घरोघरी गेली. दारात उभं राहून काय चुकलं ते सांगायची. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी मोबाइल काढून तिच्यासमोरच ते पुसून टाकलं. दीडशेतले साठेक उरले. धनसिंगभाऊंनी पंप मात्र पुन्हा उचलला नाही. डॉक्टरांनी मना केलंच होतं, शिवाय त्या दिवसापासून हात थरथरायचा, ते काही पूर्ण थांबलं नाही. आता त्यांचं शेत पुतण्या फवारतो. याडी माझ्याशी दोन वर्षांनी बोलल्या, तेही "भाकर खाऊन जा" एवढंच. माझ्या कामाचा हिशेब मनात मांडायला बसले की ही थरथर त्यात असते, आणि ती असायलाच हवी.

त्यानंतर माझं कुठलंही नवं पान आधी कविताकडे जाऊ लागलं. कंपनीने तिला रीतसर त्या कामावर घेतलं. ती फोनवर भांडते. "इथं 'योग्य तो' लिवलं. योग्य म्हंजे कोनता? तुमाले माहीत हाये तर लिवून टाका ना." तिच्यासारखी भांडणारी माणसं मला पंधरा वर्षं आधी भेटायला हवी होती.

मी नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षीची शेवटची गोष्ट. मुकुटबनच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुनीता आत्राम नावाच्या बाई आहेत. त्यांनी कविताच्या गोलाबद्दल ऐकलं आणि आपल्याकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, तो कोलामीत बोलता करायचा म्हणून तिला विचारलं. कविताने ते कसं जोडायचं याचं पान लिहिलं, मराठीत. तिने आयुष्यात लिहिलेलं पहिलं पान. मला पाठवलं आणि म्हणाली, तपासा.

मी तपासायला बसले. सवयीने हात शिवशिवत होते. पहिल्याच परिच्छेदात तिने लिहिलं होतं, "हे मी एकदा चुकीचं केलं होतं. घरचा माणूस दवाखान्यात गेला. म्हणून खालच्या तिसऱ्या ओळीपाशी, मापापाशी, थांबा, घाई करू नका." कंपनीच्या कुठल्याही पानावर असं वाक्य टिकलं नसतं. मी सगळं पान दोनदा वाचलं आणि एकही अक्षर न बदलता परत पाठवलं.

योगायोगाने त्या आठवड्यात मी माहेरी होते. सुनीताबाईंनी मला शाळेतल्या संगणकाच्या खोलीत बोलावलं. मी कोण, त्यांना फारसं माहीत नव्हतं. कविताच्या ओळखीची एवढंच. मी कोपऱ्यात बाकावर बसले. काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं, कारण लिहिणारी माणसं वाचणाऱ्याच्या मदतीला धावली की पान कसं आहे ते कधीच कळत नाही.

त्यांनी पान उघडलं. पदर खोचला. एकेक ओळ वाचत, टाइप करत गेल्या. तिसऱ्या ओळीपाशी थांबल्या, बोट ठेवून पुन्हा वाचली, वहीत काहीतरी लिहिलं, पुढे गेल्या. एकदा त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी खालची ओळ वाचली आणि आठी गेली. पाऊण तास झाला असेल. मग मोबाइलमधून त्यांचाच आवाज आला, कोलामीत, दोन वाक्यं. मला त्यातलं काही कळलं नाही. पडद्यावर लाल गोल होता. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मैदानावरचा पाचोळा उडत होता. "बरोबर," स्वतःशीच म्हणाल्या, संगणक बंद केला आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर निघून गेल्या.

मी व्हरांड्यात येऊन कविताला फोन लावला. तिने पहिल्या घंटीलाच उचलला.

"झालं काय?"

"झालं. बोलून राह्यला गोल."

"अन् पानाबद्दल? काय म्हनल्या बाई?"

"काही नाही म्हणाल्या."

"काहीच नाई?"

"एक शब्द नाही. कुणी लिहिलं तेसुद्धा नाही विचारलं."

माझ्या धंद्यात याच्यावर दुसरी शाबासकी नाही हे तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच ती जोरात हसली, आणि तिचं ओरडणं ऐकू आलं, "ओ याडी! बाईनं काहीच नाई विचारलं!"